उणे एकशे शहाण्णववर जळणारी माणसं

एकाच खोलीत वीस वर्षं काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपसूक साठतात. आणि आमच्या खोलीत तर साठवायचंच काम! धाराशिवच्या एसटी स्टँडमागं दुसऱ्या मजल्यावर आमचं हॉस्पिटल आहे, मूल होत नाही अशा जोडप्यांसाठीचं. मी तिथला लॅब टेक्निशियन, दिगंबर. पुरुषांचं वीर्य तपासायचं, शुक्राणू मोजायचे आणि गरज पडली तर पुढच्या उपचारासाठी ते गोठवून टाकीत ठेवायचे, हे माझं काम. टाकीत लिक्विड नायट्रोजन. तापमान उणे एकशे शहाण्णव! आत गेलेलं सगळं गोठतं. टाकीबाहेरची माणसं मात्र जळत असतात. नवरे भावांवर जळतात, बायका जावांवर जळतात, आणि मी कुणावर जळायचो ते येईलच पुढं.

नावं अर्थात सगळी बदललीत. गावंही बदलणार होतो, पण परंड्याचा माणूस परंड्याचाच वाटतो, त्याला काय करणार?

* * *

शुक्राणूंचा हिशोब एरवी कोटींत असतो. पण काही पुरुषांत एकही दिसत नाही. अशा वेळी मी काय करायचो? एक थेंब काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली इकडून तिकडं फिरवायचा, काही हललं नाही की रिपोर्टवर लिहायचं, 'शून्य'. खाली झोकात सही. माझी सही चांगली आहे, सगळेच म्हणतात.

मग शिवलीला आली. उमरग्याची पोरगी, वय अठ्ठावीस, बंगळुरूला शिकलेली एम्ब्रियॉलॉजिस्ट. म्हणजे बीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणून गर्भ तयार करणारी. तिच्या पहिल्याच आठवड्यात मी एक 'शून्य' लिहिलं आणि नमुन्याची डबी टाकायला निघालो.

"काका, टाकताय? मी बघू का जरा?"

काका! मी चव्वेचाळीस वर्षांचा, डोक्यावर सगळे केस शाबूत, आणि काका!

तिनं तो नमुना मशीनमध्ये घालून गरगर फिरवला. तळाला बसलेला गाळ घेतला, त्याचे डिशमध्ये बारीक बारीक थेंब केले आणि बसली बघत. मी जेवून आलो, ती बघतच होती. मी पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं, दोन रिपोर्ट टाइप केले. ती बघतच होती. पावणेपाचला आवाज आला, "काका, चार."

"चार काय?"

"चार सापडले. दोन हलतायत."

मी जाऊन डोळा लावला. होते! शेपट्या हलवत होते, अगदी माझ्या नाकावर टिच्चून.

मी म्हणालो, "चारच ना!"

तिनं लगेच आईला फोन लावला. कन्नडमध्ये काय काय बोलली, मला त्यातलं 'नाकू' एवढंच कळलं. नाकू म्हणजे चार. पण किती आनंदानं म्हणत होती ते 'नाकू'!

घरी गेलो तर बायको, सुनंदा, म्हणाली, "तोंड का पडलंय?" सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"त्या माणसाला चार सापडले. तुमचं काय हरवलं?"

* * *

ते चार ज्याचे होते तो परंड्याकडचा मेंढपाळ, बिरू. त्याला समजावून सांगायचं काम मोठ्या मॅडमनी माझ्याकडं दिलं. मॅडम म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर.

मी सांगितलं, "बिरू, कोटींनी असले तर बाटलीत भरून गोठवता येतात, थोडे मेले तरी चालतं. तुझे चारच. ते बाटलीत टाकले तर नंतर सापडायचे नाहीत. म्हणून ताईंनी प्लॅस्टिकच्या निमुळत्या पट्टीवर सुईच्या टोकाएवढे थेंब ठेवलेत. एका थेंबात एक, दुसऱ्यात एक, असे. पट्टी टाकीत ठेवायची. तुझ्या बायकोची बीजं तयार झाली की बाहेर काढायची."

मला वाटलं, आता हा हजार शंका काढणार. तेवढा वेळ माझी पण जरा छाप पडावी अशी इच्छा होती.

बिरूनं एकच विचारलं, "खुणा केल्यात का? न्हायतर दुसऱ्याच्या मेंढरांच्या खांडात जात्याल."

शिवलीला म्हणाली, "पट्टीवर तुमचं नाव, बायकोचं नाव, नंबर, सगळं लिहिलंय. काढताना दोघं मिळून वाचतो."

"मंग झालं." तो उठला, तिला हात जोडले आणि म्हणाला, "ताई, म्या दोनशेत माझं लंगडं कोकरू वळखतो. पर तुमची नजर माझ्या वरची हाय!"

वीस वर्षांत माझ्या नजरेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. चष्म्याचा नंबर तेवढा विचारतात.

* * *

लिक्विड नायट्रोजन आणणारी गाडी आमच्याकडं येते तीच पुढं जनावरांच्या दवाखान्यात जाते. तिथं वळूच्या वीर्याच्या कांड्या असतात, गायी भरवायला. एकदा कळंबचा एक बागायतदार, तात्यासाहेब, उपचारासाठी आलेले. आडदांड माणूस, मनगटात कडं, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या मेडिकलवाल्यानं वर बघावं. दारात ती गाडी बघून त्यांची कळी खुलली.

"अरे, ही तर आमची गाडी! आमच्या गायींला यातूनच कांड्या येत्यात." मग शिवलीलाला विचारलं, "एका वळूच्या एका टायमाला किती कांड्या भरत्यात, ताई?"

"शेकड्यानं भरतात म्हणे."

"आन् माझ्या किती भरल्या?"

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"तुमची एक पट्टी झाली," ती हळूच म्हणाली. "तिच्यावर पाच आहेत."

"पाच पट्ट्या?"

"नाही. एका पट्टीवर, पाच शुक्राणू."

तात्यासाहेब खुर्चीत बसले. बराच वेळ मनगटातलं कडं फिरवत राहिले. बायको शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती, रडत होती की हसत होती देव जाणे. शेवटी तात्यासाहेबांनी खाकरून घसा साफ केला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"ताई, त्या वळूला खायला काय घालत्यात?"

* * *

भावांची गोष्ट तर सांगायलाच हवी. भूम तालुक्यातल्या एकाच घरातले दोघं, थोरला अशोक आणि धाकटा विलास. दोघांनाही मूल नाही. थोरला धाकट्याला न सांगता आमच्याकडं यायचा, धाकटा थोरल्याला न सांगता. अशोक सोमवारी यायचा, विलास गुरुवारी. आम्हाला माहीत होतं, पण एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. तोंड शिवून बसायचो.

एका सोमवारी गावात कसलासा बंद, म्हणून अशोक गुरुवारी आला. जिन्यात दोघं समोरासमोर!

"तू इथं?"

"पोटात दुखतंय. तू?"

"माझं बी पोटच."

दोघांनी एकमेकांच्या हातातल्या फायली बघितल्या. दोन्ही फायलींवर आमच्या हॉस्पिटलचं मोठं चित्र. पाळण्यातलं हसरं बाळ!

मग काय, बाकावर शेजारी शेजारी बसले. मग अशोकनंच विषय काढला, "तुझे किती निघाले?"

"सात. गोठवून ठेवल्यात. तुझे?"

"तीन."

अशोक ताडकन उठला आणि थेट लॅबच्या दारात. आत यायला बंदी आहे हे विसरून ओरडला, "ताई, हे चालायचं न्हाय! रानाच्या वाटणीत बी विहिरीकडची बाजू त्यालाच गेली, आन् इथं बी त्यालाच जास्त?"

मागनं विलास आला. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, कुणालाच दहाच्या वर न्हायत. कशाला भांडतो?"

त्या दिवसापासून दोघं एकाच मोटरसायकलवर यायला लागले. सोमवारी.

* * *

आता माझी फजिती.

शिवलीलाला सापडतात म्हणजे मला का सापडू नयेत? ती दोन दिवस गावी गेली होती. एक 'शून्य' नमुना आला. मी मशीन फिरवली, गाळ काढला, थेंब पाडले, अगदी तिच्यासारखे. आणि बसलो. अकराला बसलो तो जेवायला उठलो नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मान आखडली. तेव्हा पहिल्यांदा कळलं की पोरगी काय करते. पण कबूल कोण करणार?

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी तीनच्या सुमाराला थेंबाच्या कडेला एक दिसला. बारीक डोकं, मागं शेपटीसारखं काहीतरी आणि हलतोय! मी इतक्या मोठ्यानं "सापडला!" म्हणून ओरडलो की नर्स धावत आल्या, मोठ्या मॅडम हातमोजे घालूनच आल्या. नेमकी तेवढ्यात बॅग खांद्याला लावून शिवलीलाही गावाहून आली. मी ऐटीत खुर्ची सोडली. "बघ."

तिनं बघितलं. चांगलं मिनिटभर बघितलं.

"काका," ती म्हणाली, "धाग्याचा तुकडा आहे हा."

"हलतोय की!"

"तो नाही हलत, काका. टेबल हलतंय. खाली उमरगा गाडी आली ना, त्याच गाडीनं मी आले."

* * *

जळण्याच्या कामात मी एकटा नव्हतो, हे मला बिरूच्या मुलीमुळं कळलं.

बिरूच्या त्या चारांतून मुलगी झाली. पेढे घेऊन आला, भूमच्या खव्याचे, करंडीभर. मोठ्या मॅडमनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"शिवलीला!"

मॅडम हसल्या. छान आहे म्हणाल्या. केबिनमध्ये गेल्या. मी रिपोर्ट द्यायला आत गेलो तर खिडकीशी उभ्या होत्या.

"दिगंबरराव, बाईचं बीज कुणी काढलं?"

"तुम्ही, मॅडम."

"गर्भ पोटात कुणी सोडला?"

"तुम्हीच."

"नऊ महिने फोन कुणाला? अवेळी, सणासुदीला?"

"तुम्हालाच, मॅडम."

"आणि नाव?"

मी रिपोर्ट टेबलावर ठेवून बाहेर आलो. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मी दोन पेढे जास्त खाल्ले.

* * *

पुढचा किस्सा हसण्यावारी नेता येत नाही. पण तो सांगितल्याशिवाय त्यानंतरचा सांगता येत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावातले संतोष आणि रेखा. तो झेडपीच्या शाळेत मास्तर, ती घरचं रान बघणारी. त्यानं पिशवीतून एक रिपोर्ट काढला, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलेला. आठ वर्षांपूर्वीचा, आमच्याच लॅबचा. 'शून्य'. खाली झोकदार सही.

शिवलीलानं पुन्हा तपासायला घेतलं. संध्याकाळपर्यंत तीन सापडले.

तिनं बाहेर येऊन दोघांना सांगितलं. रेखा खालीच बसली. संतोष त्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग तवा का दिसले न्हाईत?"

मी तिथंच उभा होतो. शिवलीलानं सही वाचली होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तेव्हा इथं हे मशीन नव्हतं, सर," ती म्हणाली.

मशीन होतं. हेच होतं. मी ते त्या दिवशी लावलं नव्हतं. एक थेंब बघितला होता आणि सही ठोकली होती.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं सांगू? आभार नाही. मनात आलं, खोटंसुद्धा ही माझ्यापेक्षा चांगलं बोलते!

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. संतोष पुढच्या उपचाराच्या संमतीपत्रावर सही करायला आला तेव्हा त्याला जिन्याखाली गाठलं आणि सांगितलं. मशीन होतं. चूक माझी. आठ वर्षं माझ्यामुळं गेली.

त्यानं मला मारलं असतं तर चाललं असतं. तो पायरीवर बसला.

"सर, लग्नाला पाच वर्षं झाली तरी पोर न्हाय म्हणून गाव रेखालाच बोलत होतं. आई तर हळदीकुंकवाला बी तिला पुढं करायची न्हाय. म्या तुमचा हा कागद आईपुढं टाकला. म्हणलं, दोष माझ्यात हाय. तवापासून तिला कुणी बोललं न्हाय. म्हणून तर लॅमिनेट करून ठेवला." मग म्हणाला, "आन् आज तुम्ही म्हणता, तवाच बघितलं असतं तर पोरगं दुसरीत असतं. तुमच्यावर चिडावं का तुमच्या पाया पडावं, मला कळंना झालंय."

मलाही कळलं नाही. अजून कळलेलं नाही. त्यानं संमतीपत्र मागितलं, माझ्याच पेननं सही केली आणि गेला. त्यानंतर मी एकाही नमुन्यावर मशीन लावल्याशिवाय 'शून्य' लिहिलेलं नाही.

* * *

आणि हा बारशाचा.

संतोषच्या पट्टीवर तीन होते. रेखाची बीजं ज्या दिवशी काढली त्या दिवशी पट्टी टाकीबाहेर आली. मी नाव मोठ्यानं वाचलं, शिवलीलानं फाइलशी ताडून बघितलं. पहिला थेंब वितळला, त्यातला सापडलाच नाही. दुसऱ्यातला सापडला, पण मेलेला. तिसऱ्यातला शिवलीलानं सुईनं शेपटीला हळूच टोचून बघितला. शेपटी वाकली आणि परत सरळ झाली. जिवंत! तोच एक तिनं एका बीजात सोडला. बाकीची बीजं गोठवून ठेवली. एक शुक्राणू, एक बीज, एक गर्भ. दुसरं काही हातात नव्हतं.

मुलगी झाली. पावणेतीन किलो.

बारशाला आम्हाला आमंत्रण. सगळं गाव मांडवात. शिवलीलाला साडी, खण, नारळ. मला टॉवेल-टोपी. तिची साडी चांगल्या काठाची होती, माझ्या टॉवेलची किनार सुटलेली होती. असो.

संतोषचा थोरला भाऊ, बाबाराव, तिथंच खुर्ची टाकून बसला होता. त्याला तीन मुलं. संतोषनं एकदा त्यातला धाकटा दत्तक मागितला होता. तेव्हा यानं "आपापलं बघा" म्हणून सांगितलं होतं. ग्रामपंचायतीची प्रत्येक निवडणूक लढवायची आणि पडायचं हा याचा रिवाज. मागच्या वेळी तर डिपॉझिटही गेलं होतं. आज धाकट्या भावाच्या मांडवातली गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला होता. संतोषनं उपचाराचं काही लपवलं नव्हतं, शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

बायका पाळणा म्हणत होत्या. मध्येच बाबाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"आमची तिन्ही पोरं कोटीकोटींच्या शर्यतीत पयली आलेली! आन् हिच्या टायमाला म्हणं एकच होता?"

पाळणा थांबला. सासूबाईंनी मान खाली घातली. संतोष उठायला लागला. रेखानं हातातली दोरी सोडली नाही. पदर सारखा केला, दिराकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"व्हय दादा, एकच होता. आमची बिनविरोध निवडून आलीया!"